वाचकांचे प्रश्न : स्पीचमधली प्रोफेसरकी

मागच्या अंकात मोबाइलला आपलं बोलणं कसं कळतं त्यावर लिहिलं होतं, म्हणजे आवाजाचे बारीक तुकडे करून त्यातून शब्द कसे ओळखतात वगैरे. त्यावर खूप पत्रं आली आणि बऱ्याच जणांना त्या यंत्रापेक्षा त्यामागच्या माणसांबद्दल विचारायचंय, हे लोक कोण असतात, कुठे शिकतात, यात करिअर होतं का. मी स्वतः याच विषयात काम करते त्यामुळे ही पत्रं वाचून फार बरं वाटलं. त्यातली चार घेते, बाकीच्यांची उत्तरं यातच येऊन जातील.

ताई, माझी मुलगी सांगलीत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकॉम. कॅम्पसमधून एक नोकरी हातात आलीय पण ती म्हणते मला स्पीच प्रोसेसिंगमध्ये पीएचडी करून प्रोफेसर व्हायचंय. घरात सगळे म्हणतात हे बोलून टाइप करायचं काम मोठ्या कंपन्यांनी करून टाकलंय, आता प्रोफेसर त्यात काय करणार. तिचे बाबा विचारतात पगार कधी सुरू होणार. मला या लाइनमधलं काही कळत नाही, समजेल असं सांगाल का? – एक आई, सांगली

ताई, आधी पैशाचं सांगते म्हणजे घरातली चर्चा जरा शांतपणे होईल. पीएचडी करताना घरून पैसे घालावे लागतात असं नाही, फेलोशिप मिळते. जेआरएफ म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोशिप असेल तर २०२३ पासून महिना ३७,००० आणि पुढे एसआरएफला म्हणजे सीनिअरला ४२,०००. पंतप्रधान रिसर्च फेलोशिप २०१८ला आली, त्यात पहिल्या दोन वर्षांना महिना ७०,००० ठरवले होते पण तिथे निवड कडक असते. प्रवेश घेताना त्या वर्षीचे नियम बघा कारण ते बदलत राहतात. पीएचडीला पाचेक वर्षं धरा, त्यानंतर दोन-तीन वर्षं पोस्टडॉक (म्हणजे पीएचडीनंतरचं ठराविक मुदतीचं संशोधनाचं काम) किंवा एखाद्या कंपनीच्या रिसर्च लॅबमध्ये काम, कारण आयआयटीसारख्या ठिकाणी असिस्टंट प्रोफेसरसाठी साधारण पीएचडीनंतरचा तीन वर्षांचा अनुभव मागतात. म्हणजे कायमची जागा मिळेपर्यंत तिशी उलटते. हे तिच्या बाबांना आत्ताच स्पष्ट सांगितलेलं बरं, नंतर मधेच कळलं की त्रास होतो, पोरीलाही आणि घरालाही.

आता कंपन्यांचं. कंपन्यांनी केलं हे खरंय, पण त्या कंपन्यांत ते करणारी माणसं आली कुठून हे बघायला पाहिजे, आणि त्यासाठी मी तुम्हाला राज रेड्डींबद्दल सांगते. १९३७चा जन्म, चित्तूर जिल्ह्यातलं काटूर नावाचं गाव, घरात कॉलेजला जाणारे ते पहिलेच. मद्रासला गिंडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून १९५८ला बीई, मग ऑस्ट्रेलियात एमटेक, तिथेच आयबीएममध्ये नोकरी, आणि ती चांगली नोकरी सोडून अमेरिकेत स्टॅनफर्डला, आर्टिफिशियल इंटेलिजन्सवर काम करणाऱ्या जॉन मॅकार्थींकडे पीएचडीला गेले, १९६६ला पूर्ण केली, विषय हाच, सलग बोललेलं मशीनला कसं ओळखता येईल. तेव्हा कॉम्प्युटर अख्ख्या खोलीएवढा असायचा. १९६९ला ते पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलनला गेले, आणि त्याच वर्षी बेल लॅब्स या टेलिफोन कंपनीच्या संशोधन संस्थेतल्या जॉन पियर्ससारख्या मोठ्या माणसाने जाहीर पत्र लिहून या विषयावर कडक टीका केली होती की यात विज्ञान कमी आणि आशा जास्त आहे. अशा हवेत एका तरुण प्रोफेसरने आयुष्य याच प्रश्नावर लावलं हे मला फार मोठं वाटतं.

१९७१ला अमेरिकन सरकारच्या डार्पाने पाच वर्षांचा प्रकल्प काढला, अट अशी की हजार शब्दांचं सलग बोलणं मशीनला कळलं पाहिजे. १९७६ला तो संपला तेव्हा रेड्डींच्या गटाची हार्पी नावाची सिस्टिम १,०११ शब्दांवर चालत होती, अट पूर्ण. मग तुम्ही म्हणाल पुढे पैसे धो धो आले असतील, तर नाही, सरकारने तो कार्यक्रम पुढे चालवलाच नाही. अशा कोरड्या वर्षांत लॅब चालू ठेवणं, विद्यार्थ्यांना टिकवणं, यालाच खरी प्रोफेसरकी म्हणतात असं माझं मत आहे आणि बाहेरून ती कुणाला दिसत नाही.

त्यांच्या विद्यापीठातून बाहेर पडलेली माणसं बघा. जेम्स आणि जॅनेट बेकर हे जोडपं तिथलंच, त्यांनी १९८२ला ड्रॅगन सिस्टिम्स काढली, १९९७ला त्यांचं मधे न थांबता बोलून टाइप करायचं सॉफ्टवेअर बाजारात आलं. काई-फू ली रेड्डींचा विद्यार्थी, तो ॲपलला गेला. शुएदोंग हुआंगही कार्नेगी मेलनमध्येच काम करत होता, त्याने १९९३ला मायक्रोसॉफ्टमध्ये स्पीचचा गट उभा केला. घरचे ज्या मोठ्या कंपन्यांची नावं घेतात ना, त्यांच्या स्पीच टीमची मुळं अशी एखाद्या प्रोफेसरच्या लॅबमध्ये सापडतात.

काई-फू लीची गोष्ट तर मुलीला नक्की सांगा. रेड्डींचा भर होता तज्ज्ञांचं ज्ञान नियमांच्या रूपात मशीनला देण्यावर, आणि हा पोरगा म्हणाला मला ते पटत नाही, मी भरपूर आवाज गोळा करून संख्याशास्त्राने करणार. रेड्डी त्याला म्हणाले तुझं मला पटत नाही पण मी तुझ्या पाठीशी उभा राहतो. ही गोष्ट लीने स्वतःच अनेकदा सांगितलीय. आणि नुसतं म्हणून थांबले नाहीत, मशीन्स दिली, पैसे दिले. १९८८ला लीची स्फिंक्स तयार झाली, हजारेक शब्द, मधे न थांबता बोललेलं, आणि कुणाच्याही आवाजात. त्याआधीच्या बहुतेक सिस्टिमना एकेका माणसाच्या आवाजाची आधी सवय करून द्यावी लागायची. म्हणजे गुरूच्या मताविरुद्ध जाऊन विद्यार्थी बरोबर ठरला आणि गुरूला त्याचा आनंद झाला. रेड्डींना १९९४ला ट्युरिंग पुरस्कार, म्हणजे कॉम्प्युटर क्षेत्रातला सगळ्यात मोठा मान मिळाला, एडवर्ड फायगेनबॉम यांच्यासोबत. पुढे हैदराबादची ट्रिपल आयटी उभी राहताना तिच्या गव्हर्निंग कौन्सिलचे ते पहिले अध्यक्ष होते.

परदेशातच जावं लागेल का असंही तुम्ही पत्रात पुढे विचारलंय. नाही. बी. येज्ञनारायण यांचं उदाहरण घ्या, बंगळूरच्या आयआयएससीत पीएचडी, १९७७ ते १९८० कार्नेगी मेलनला होते, मग परत येऊन आयआयटी मद्रासला २००६ पर्यंत शिकवलं आणि नंतर हैदराबादला. त्यांच्याकडे शिकलेल्या हेमा मूर्तींनी भारतीय भाषांत मजकूर वाचून दाखवणाऱ्या सिस्टिमचं केवढं काम मद्रासलाच बसून उभं केलं. आपल्या मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेत तर पी. व्ही. एस. राव यांच्यासारख्यांनी कितीतरी आधीपासून स्पीचवर काम केलंय. २०१८ला इंटरस्पीच ही या विषयातली सगळ्यात मोठी कॉन्फरन्स हैदराबादला झाली, जगभरची माणसं इथे आली होती.

रोजचं काम कसं असतं तेही सांगते म्हणजे मुलीला कल्पना येईल. शिकवणं, पेपर तपासणं, प्रोजेक्टच्या पैशासाठी अर्ज लिहिणं, आणि दिवसाचा मोठा भाग विद्यार्थ्यांसोबत बसून ही चूक मॉडेलची (म्हणजे आवाजांवरून शिकलेल्या प्रोग्रॅमची) की त्याला दिलेल्या डेटाची हे शोधणं. फेब्रुवारी-मार्चमध्ये इंटरस्पीचची डेडलाइन असते तेव्हा लॅबमध्ये रात्री दिवे चालू असतात. ज्याला एकच दहा सेकंदांचं रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकायचा कंटाळा येतो त्याने इकडे येऊ नये. तिला हे ऐकूनही यायचंच असेल तर ताई, तिला येऊ द्या. गेटची परीक्षा द्यायला सांगा आणि एखादा उन्हाळा स्पीच लॅबमध्ये इंटर्नशिप करायला सांगा, तिथे तिचं तिलाच कळेल.

नमस्कार. मी पुण्यात राहते, वय ३२, भाषाशास्त्रात एमए केलंय आणि सहा वर्षं शाळेत मराठी शिकवतेय. बारावीनंतर गणिताला हात लावलेला नाही. तुमचा लेख वाचून वाटलं की हे आपल्याला करायचं होतं. आता उशीर झालाय का? की हे फक्त इंजिनिअर लोकांचं क्षेत्र आहे? – एक शिक्षिका, पुणे

उशीर अजिबात झालेला नाही, आणि हे मी धीर द्यायला म्हणत नाहीये. ज्युलिया हर्शबर्ग हे नाव लिहून ठेवा. त्यांची पहिली पीएचडी इतिहासात, मिशिगन विद्यापीठ, १९७६, विषय सोळाव्या शतकातलं मेक्सिको. स्मिथ कॉलेजात त्या इतिहास शिकवायच्या. ती शिकवण्याची नोकरी सोडून त्या पुन्हा विद्यार्थिनी झाल्या आणि १९८५ला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून कॉम्प्युटर सायन्समध्ये दुसरी पीएचडी घेतली. मग बेल लॅब्स आणि एटी अँड टी मिळून दीडेक दशकाहून जास्त काळ आणि त्यानंतर कोलंबिया विद्यापीठात प्रोफेसर, पुढे तिथल्या कॉम्प्युटर सायन्स विभागाच्या प्रमुखही झाल्या. त्यांचं काम बोलण्याच्या सुरावर आहे, म्हणजे तेच वाक्य आपण वर नेऊन संपवलं तर प्रश्न होतो आणि खाली आणलं तर विधान, कुठल्या शब्दावर जोर दिला की अर्थ फिरतो, माणूस खोटं बोलताना आवाजात काय बदल होतो, दोन भाषा मिसळून बोलतात तेव्हा काय होतं. आता मला सांगा, शाळेत रोज चाळीस मुलांना मोठ्याने वाचायला लावणाऱ्या तुम्हाला हे प्रश्न परके वाटतात का?

भाषाशास्त्र आणि इंजिनिअरिंग यांचं नातं मात्र नेहमी सरळ नव्हतं, ते तुम्हाला माहीत असावं. फ्रेडरिक येलिनेक मूळचे चेकोस्लोव्हाकियातले, वडील नाझींच्या छावणीत वारले, मुलगा १९४९ला अमेरिकेत आला, रात्रीच्या कॉलेजात शिकला आणि एमआयटीत १९६२ला इन्फर्मेशन थिअरीत (संदेश पाठवण्याच्या गणितात) पीएचडी झाला. लगेच कॉर्नेल विद्यापीठात नोकरी धरली, मनात होतं की तिथल्या चार्ल्स हॉकेट या भाषाशास्त्रज्ञाबरोबर काम करायचं, पण हॉकेट यांचा त्यातला रस तोवर संपला होता. (आपल्या अशोक केळकरांचा मराठीच्या ध्वनी आणि रूपव्यवस्थेवरचा प्रबंध याच कॉर्नेलचा, १९५८चा. तुम्ही एमएला तो चाळला असेलच, परत काढा, आता वेगळ्या नजरेने वाचाल.) येलिनेक १९७२ला सुट्टी घेऊन आयबीएमला गेले ते १९९३ पर्यंत तिथेच राहिले आणि नियम लिहिण्यापेक्षा शक्यता मोजा ही पद्धत तिथे रुजवली. भाषाशास्त्रज्ञाला काढलं की सिस्टिमचे मार्क वाढतात असं एक वाक्य त्यांच्या नावावर अजून फिरतं आणि ते ऐकून भाषावाले खट्टू होतात. पण २००४ला त्यांनी एका भाषणाचं नावच 'माझे काही जवळचे मित्र भाषाशास्त्रज्ञ आहेत' असं ठेवलं होतं, हे कुणी सांगत नाही. आणि वयाचं म्हणाल तर १९९३ला, साठी पूर्ण झालेली असताना, ते जॉन्स हॉपकिन्सला प्रोफेसर म्हणून नव्याने सुरू झाले, १९९५ पासून तिथे उन्हाळी कार्यशाळा भरवल्या जिथे प्रोफेसर, विद्यार्थी आणि कंपनीतले लोक कित्येक आठवडे एकाच प्रश्नावर बसायचे. २०१०ला गेले तेही काम करत असतानाच.

तुम्हाला काय लागेल ते सांगते. प्रोबॅबिलिटी आणि मॅट्रिक्सचं गणित, हे टळत नाही, पण ते अकरावी-बारावीच्या पुस्तकांपासून परत सुरू करता येतं आणि पुढचं एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सवर फुकट आहे. आणि पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा. एवढ्याला शाळा सांभाळून वर्ष-दीड वर्ष द्या. इंजिनिअरिंग विभागात थेट प्रवेश मिळणं अवघड जाईल, पण भाषाशास्त्र किंवा कॉग्निटिव्ह सायन्सकडून (माणूस विचार कसा करतो त्याचा अभ्यास) पीएचडीला येऊन कॉम्प्युटरचा सहगाइड घेणारे लोक असतात, तो रस्ता बघा. आणि कुणी म्हणालं की आता डीप लर्निंगमुळे (यंत्र भरपूर उदाहरणांवरून आपलं आपणच शिकतं त्यामुळे) ध्वनिशास्त्राची गरज उरली नाही तर पुढचं पत्र वाचायला द्या.

ताई, मी अमरावतीचा, एमटेकला आहे. गाइडने थीसिसचा विषय निवडायला सांगितलाय, मला मराठी स्पीच रेकग्निशन करायचंय. पण ओपनएआयचं व्हिस्पर हे बोललेलं लिहून देणारं मॉडेल ६,८०,००० तासांच्या आवाजावर शिकवलंय आणि आमच्याकडे मॉडेल शिकवायला लागणारी जीपीयू चिप एकच आहे तोही तिघांत. माझ्या आजीचं वऱ्हाडी मात्र फोनला अजून कळत नाही. मी नेमकं काय करू? – एक विद्यार्थी, अमरावती

तू विषय स्वतःच लिहून पाठवलास की रे, आजीचं वऱ्हाडी. पण आधी त्या आकड्याकडे नीट बघ. २०२२च्या त्यांच्या पेपरातच दिलंय की ६,८०,००० तासांपैकी इंग्रजी सोडून बाकी ९६ भाषांच्या ट्रान्स्क्रिप्शनला (बोललेलं त्याच भाषेत लिहून काढायला) मिळून १,१७,००० तास आहेत, आणि त्यातही मोठा वाटा मोजक्या भाषांचा, मराठीच्या वाट्याला अगदी किरकोळ आलंय. वऱ्हाडीचं तर विचारूच नको. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख आहेत, एवढ्या लोकांचं बोलणं अजून मोकळंच पडलंय.

आता एक करून बघ. प्राट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या दोघांनी केलेलं, आमच्याकडे नवीन आलेल्या मुलांना आम्ही पहिल्यांदा तेच उघडायला लावतो. त्यात आजीला 'चार' आणि 'चारा' म्हणायला लाव आणि स्पेक्ट्रोग्राम बघ, म्हणजे आवाजाचं चित्र, आडवा वेळ आणि उभी कंपनं, हर्ट्झमध्ये. आधी तो ५,००० हर्ट्झपर्यंतच दाखवेल, सेटिंगमध्ये जाऊन १०,००० कर. 'चार'मधल्या च नंतरचा घर्षणाचा काळा पट्टा खालपासून, साधारण अडीच-तीन हजारांच्या आसपास सुरू झालेला दिसेल आणि 'चारा'मधला च वर सरकलेला, स च्या जवळ जाणारा. लिहिताना अक्षर एकच, आवाज दोन. आता तेच रेकॉर्डिंग सेकंदाला ८,००० सॅम्पलवर आण, म्हणजे साध्या फोनवर असतं तसं, त्याच्या निम्म्याच्या म्हणजे ४,००० हर्ट्झच्या वरचं सगळं कापलं गेलं आणि जो फरक तुला आत्ता डोळ्यांनी दिसत होता त्यातला बराचसा गायब. शेतमालाचे भाव फोनवर बोलून विचारता यावेत म्हणून देशातल्या संस्थांनी मिळून एक प्रकल्प केला होता, त्यासाठी मराठी शेतकऱ्यांचे आवाज फोनवरून गोळा केले गेले, त्या लोकांना या कापलेल्या आवाजाशीच झुंजावं लागलं. हे ध्वनिशास्त्र आहे आणि मोठ्यातलं मोठं मॉडेल घेतलंस तरी हे तुला बघता आलं पाहिजे.

दुसरं, मार्क कसे मोजतोस ते बघ. सगळे वर्ड एरर रेट मोजतात, म्हणजे शंभरात किती शब्द चुकले. समज आजी म्हणाली "मी त्याले सांगतलं", लिहिणाऱ्याने ते सुधारून "मी त्याला सांगितले" असं लिहून ठेवलं, आणि सिस्टिमने इमानदारीने "मी त्याले सांगतलं" दिलं, तर तीनपैकी दोन शब्द चूक, ६७ टक्के एरर! सिस्टिमने बरोबर ऐकलं आणि नापास झाली. 'केलं' की 'केले', अनुस्वार राहिला, 'नाहीये' एक शब्द की दोन, हे सगळं चुकांत धरलं जातं. बोली जशी आहे तशी लिहायची पद्धत ठरवणं, तीन-चार जणांकडून तेच रेकॉर्डिंग लिहून घेऊन कुठे एकमत होतं कुठे नाही हे मोजणं, आणि मग एखादं तयार मॉडेल घेऊन वऱ्हाडीच्या थोड्या तासांवर फाइन-ट्यून करणं म्हणजे आणखी शिकवणं, हा एमटेकचा पूर्ण विषय आहे आणि तिघांतल्या एका जीपीयूवर होतो. आयआयएससीच्या रेस्पिन प्रकल्पात नऊ भाषांचे बोलींसकट आवाज जमवलेत त्यात मराठी आहे, ते आधी बघून घे म्हणजे केलेलंच परत करणार नाहीस.

आणि करिअर पुढे न्यायचं असेल तर आपला प्रश्न धरून बसायला शिक. मुंबई आयआयटीच्या प्रीती राव बघ, हिंदुस्थानी संगीतातल्या स्वरांचं विश्लेषण आणि शाळकरी मुलं मोठ्याने वाचतात तेव्हा ते किती ओघाने वाचतात याची तपासणी, हे दोन विषय त्यांनी वर्षानुवर्षं धरलेत. मोठ्या कंपनीशी तासांच्या आकड्यात शर्यत लावलीस तर हरशील, आजीच्या घरी बसून रेकॉर्ड करण्यात तुझ्याशी कोण बरोबरी करणार?

मी कुडाळचा निवृत्त शिक्षक. वय ७१. करिअर वगैरे काही करायचं नाही, पण आमची मालवणी बोलणारी जुनी माणसं एकेक करून चाललीत. त्यांचा आवाज तुमच्या संशोधकांच्या उपयोगी पडेल असा कसा ठेवावा? – एक गुरुजी, कुडाळ

सर, तुमचं पत्र वाचल्यावर ते मी लॅबमधल्या सगळ्यांना वाचून दाखवलं. प्रमाण मराठी वाक्यं तुमच्या आवाजात द्यायची तर सरकारच्या भाषिणी प्रकल्पाचं भाषादान आणि मोझिलाचं कॉमन व्हॉइस या लोकांचे आवाज जमवणाऱ्या दोन्ही वेबसाइटवर मराठी आहे, नातवंडं लावून देतील. मालवणीसाठी मात्र स्वतःच रेकॉर्ड करा. पंखा बंद, टीव्ही बंद, फोन तोंडापासून वीतभर लांब, आणि ॲपमध्ये वेव (WAV) फॉरमॅट निवडा, त्यात आवाज दाबला जात नाही. वाचायला देऊ नका, बोलतं करा, लग्नाची, मासेमारीची, गणपतीची आठवण विचारली की माणसं आपोआप आपल्या बोलीत येतात. दोघं एकदम बोलायला लागली तर तुम्ही गप्प राहा, त्यांना थांबवू नका. प्रत्येक फाइलसोबत वय, गाव, शिक्षण, आयुष्यात बाहेरगावी किती राहिले हे लिहा आणि बोलणाऱ्याची लेखी परवानगी आधी घ्या, त्यात संशोधनासाठी वापरू देत आहे असं स्पष्ट असू द्या. जे बोललं तेच लिहा, शिक्षकाच्या सवयीने शुद्ध करू नका. मूळ फाइल पेनड्राइव्हवर दोन ठिकाणी ठेवा, व्हॉट्सॲपवरून पाठवलेल्या व्हॉइस नोटवर विसंबू नका कारण पाठवताना आवाज दाबला जातो आणि त्यातले बारीक फरक परत मिळत नाहीत. पाच-सहा माणसांचं झालं की मासिकाच्या पत्त्यावर कळवा, कुठल्या लॅबकडे द्यायचं ते मी बघते.